काढून ठेवलेली, काढून टाकलेली

माझ्या मावशीच्या घरात कुठलीही वस्तू निर्धास्त नसते. चार दिवस कुणी हात लावला नाही की ती गेलीच म्हणून समजा. काकांचा एक राखाडी सदरा आहे, कॉलर विरलेला. तो ते आंघोळीला जाताना सोबत नेतात. बाहेर येईपर्यंत त्याचं पायपुसणं झालेलं असू शकतं.

"अगं, माझी ती चप्पल कुठाय?"

"कुठली?"

"ती गं, जुनी. घरात घालायची."

"जुनी ना? तुम्हीच म्हणताय."

"मग?"

"मग गेली."

मी नोकरीसाठी मावशीकडे राहायला आले त्या आठवड्यात हा संवाद पहिल्यांदा ऐकला. पुढे वस्तू बदलत गेल्या, संवाद तोच राहिला. छत्री गेली, रेडिओ गेला, काकांच्या लग्नातला कोट गेला. मावशीचं कपाट उघडलं तर आत हवा खेळत असते. तिच्या स्वयंपाकघरात भांड्याला भांडं लागत नाही, कारण दुसरं भांडं उरलेलंच नसतं.

तर ही बाई विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘थांबा-बाई’ म्हणून ओळखली जाते, हे कळलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "तिथं ती पुस्तकांना थांबा म्हणते. इथं मी थांबा म्हणतो, ते मात्र ऐकू जात नाही."

मावशी ग्रंथालयात लागली ती काउंटरवर. वाचक यायचा, नाव सांगायचा, मावशी आत जाऊन पुस्तक शोधायची आणि काउंटरखालच्या कप्प्यात ठेवून द्यायची. तो परत आला की म्हणायची, "तुमचं काढलंय हं." हे तिचं ठरलेलं वाक्य. काढलंय म्हणजे शोधलंय, धूळ झटकलीय, दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही, तुमची वाट बघत ठेवलंय. एवढं सगळं त्या एका शब्दात बसायचं. पुढे तिला वरच्या मजल्यांवरच्या मांडण्या सांभाळायला दिल्या, तरी वाक्य सुटलं नाही. अजून जुने प्राध्यापक जिन्यात भेटले की विचारतात, "बाई, माझं काढलंत का?"

मग नवे ग्रंथपाल आले आणि दुसरा मजला रिकामा करायचं निघालं.

कारण साधं होतं. मुलांना बसायला जागा नव्हती. मुलं जिन्यात बसून अभ्यास करायची, इतकी की वर जायचं तर आडवं होऊन, भिंतीला पाठ घासत जावं लागायचं. आणि दुसऱ्या मजल्यावर पुस्तकं अशी की वर्षानुवर्षं कुणी नेलेली नाहीत. एकाच पुस्तकाच्या ढीगभर प्रती. नवी आवृत्ती आली तरी जुन्या चार तशाच. काहींना कसर लागलेली, पान उलटलं की कोपरा हातात यायचा. अर्ध्या मांडण्या हलवायच्या, तिथं टेबलं टाकायची आणि सुट्टी संपायच्या आत मजला मुलांसाठी उघडायचा, असं ठरलं. कागदोपत्री त्याला ‘निर्लेखन’ म्हणत होते. तो शब्द कुणाच्या तोंडी बसेना. शिपाईकाकांना तर वाटलं, दुसऱ्या मजल्याला गिलावा करायचाय.

पहिल्या दिवशी ग्रंथपालांनी सगळ्यांना गोळा केलं. माणूस वाईट नाही, पण कुणी दारात फलक घेऊन उभं राहील याची त्याला फार धास्ती.

"एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "टाकायची, फेकायची, रद्दी, हे शब्द या इमारतीत नकोत. बाहेर कुणी ऐकलं तर उद्या आपल्यावर मोर्चा येईल. आपण पुस्तकं टाकत नाही. आपण ती काढतो आहोत. म्हणायचं, काढलेली पुस्तकं."

शिपाईकाकांनी विचारलं, "काढून कुठं ठेवायची?"

"ठेवायची नाहीत, काका. काढायची."

"हां," शिपाईकाका म्हणाले, आणि वळून मावशीकडे बघितलं. मावशीनं खांदे उडवले.

त्या दिवसापासून ग्रंथालयात तो एकच शब्द दोन अर्थांनी फिरायला लागला आणि कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

काम असं चालायचं. मांडणीवरून पुस्तक उतरवायचं, कधी गेलं होतं ते बघायचं, दुसरी प्रत आहे का बघायचं, कागद धड आहे का बघायचं. जायचं ठरलं की पहिल्या पानावर ‘बाद’ असा शिक्का मारायचा आणि ढकलगाडीवर ठेवायचं. शिक्का मावशीच्या हातात दिलेला. ती तो शाईच्या पॅडवर टेकवायची, श्वास घ्यायची आणि झोपलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तसा अलगद पानावर ठेवायची. परिणामी ‘बा’ उमटायचं आणि ‘द’ राहायचा.

"बाई, हे ‘बा’ काय आहे?" ग्रंथपालांनी विचारलं.

"शाई कमी पडली असेल."

"सगळ्यांवरच?"

"उद्या भरते, सर."

आणि दर तिसऱ्या पुस्तकाला ती म्हणायची, "थांबा."

"आता काय?"

"हे राहू दे."

ग्रंथपालांनी तिच्या हातातून पुस्तक घेऊन नाव वाचलं. "टंकलेखन यंत्राची दुरुस्ती. बाई, तुम्ही टंकलेखन यंत्र शेवटचं कधी पाहिलंत?"

"म्हणूनच तर म्हणते. ज्याच्याकडे एखादं उरलं असेल त्याला ते दुरुस्त कोण करून देणार? तो कुठं येणार? इथंच येणार."

"आणि नाही आला तर?"

"आला तर?"

ग्रंथपालांनी पुस्तक परत तिच्या हातात दिलं. मग निघून गेले.

अशी राहू दिलेली पुस्तकं तिनं लिफ्टजवळच्या एका गाडीवर ठेवायला सुरुवात केली. गाडी भरली. मग गाडीखाली जमिनीवर रांग लागली. मग खिडकीच्या कट्ट्यावर. मजला एकीकडून रिकामा होत होता आणि दुसरीकडून भरत होता. सहकारी हसायचे. म्हणायचे, थांबा-बाईंना दुसऱ्या मजल्यावर बसवलं तर मजला दोन्ही टोकांनी वाहील.

काहीजण मात्र मुद्दाम तिला गाठायला यायचे. अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक रोज दुपारी यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "बाई, यात माझं आहे का?" त्यांनी कधीकाळी एक जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिलं होतं आणि त्या वेळी विभागप्रमुखही तेच होते, त्यामुळे ग्रंथालयात त्याच्या भरमसाठ प्रती होत्या.

"एक ठेवतोय, सर. बाकीच्या काढतोय."

"काढताय म्हणजे... जपून ठेवताय ना?"

"हो, म्हणजे... काढतोय," मावशी म्हणाली.

प्राध्यापक समाधानानं गेले.

घरी आली की मात्र मावशी गप्प असायची. ताटावर बसून भिंतीकडे बघायची. त्या दिवसांत काकांची एकही वस्तू गेली नाही, तेव्हाच आम्हाला काळजी वाटायला लागली. एकदा मी विचारलं, "मावशी, काकांची चप्पल टाकताना तुझा हात थरथरत नाही. मग जुन्या पुस्तकाला काय झालं?"

ती म्हणाली, "तुझ्या काकांची चप्पल शोधत कोण येणार? तुझे काका. त्यांना मी ओळखते, ओरडतील आणि गप्प बसतील. पुस्तक शोधत कोण येईल ते मला काय माहीत? अजून जन्मलाही नसेल तो."

काका वर्तमानपत्राआडून म्हणाले, "जन्मला नाही तोवर मी ओरडून घेऊ का?"

आणि मग खरोखरच एक आली शोधत.

ती संशोधन करणारी मुलगी. तिचा विषय विहिरी. आमच्या भागातल्या विहिरींचं पाणी सालोसाल किती खाली गेलं, कुठं टिकलं, कुठं आटलं. मावशी तिला ‘विहीर’च म्हणायची, तोंडावरसुद्धा. "आली का विहीर? चहा घे आधी." पाणीखात्याचे फार जुने वार्षिक अहवाल तिला दुसऱ्या मजल्यावर सापडले होते, जाड, मातकट कापडात बांधलेले. कुणी एक माणूस गावोगाव दोर आणि वजन घेऊन फिरला होता आणि विहिरीत सोडून पाणी मोजून आला होता. खात्यानं कार्यालय बदललं तेव्हा त्यांच्याकडच्या प्रती कुठं गेल्या ते खात्यालाही ठाऊक नव्हतं. राहिलेले खंड होते ते एवढेच. फोटो काढायचे तर बांधणी इतकी घट्ट की आतल्या बाजूचे आकडे पाठीत गडप व्हायचे. म्हणून ती पुस्तक दोन्ही हातांनी दाबून, मान वाकडी करून एकेक आकडा हातानं उतरवून घेत होती. निम्मं झालं होतं. तिच्या प्रबंधाचा कणा तोच होता, आणि तो विभागाला द्यायची वेळ तोंडावर आली होती.

नियमानं बघितलं तर अहवाल जाणारच होते. कुणी कधी नेलेच नव्हते.

"बाई, हे नाही ना जाणार?"

"मी आहे ना," मावशी म्हणाली. "तुझे मी काढून ठेवते. तुझं काम होईपर्यंत हलणार नाहीत. माझा शब्द."

लिफ्टजवळच्या गाडीवर जागा नव्हती, म्हणून तिनं शेजारी दुसरी गाडी आणली, सगळे खंड ओळीनं लावले आणि वर चिठ्ठी चिकटवली. आयुष्यभर जी लिहीत आली तीच. ‘काढलेली.’

दुसऱ्या दिवशी तिनं सकाळची रजा घेतली होती. काकांचा दात काढायचा होता.

"आज सगळंच काढायचं," काका स्कूटरवर माझ्यामागे बसताना म्हणाले. "तिकडं पुस्तकं, इकडं दात. मला विचारून मात्र काहीच नाही."

"दुखत होता म्हणून बोंबलत कोण होतं?" मावशी म्हणाली. ती रिक्षानं मागून आली.

दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत आम्ही दोघी बसलो होतो. आतून यंत्राचा आवाज येत होता. मावशीचा फोन वाजला.

"बोल गं विहीर."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मावशी म्हणाली, "ठेवलेत ना. लिफ्टपाशी, उजवीकडची गाडी. चिठ्ठी आहे बघ वर." मग ऐकत राहिली. मग म्हणाली, "रिकामी म्हणजे?" आणि उभी राहिली. "काकांना दे. शिपाईकाकांना. दे त्यांच्याकडे." तिनं फोनचा आवाज मोठा केला, म्हणजे बोट चुकून तिकडं गेलं, आणि खोलीतले सगळे पेशंट ऐकायला लागले.

"बाई, ती गाडी सकाळी टेंपोत घातली," शिपाईकाका म्हणाले.

"का पण?"

"का म्हणजे? चिठ्ठी होती. काढलेली."

"अहो काका, काढलेली म्हणजे ठेवलेली."

"नाही हो. काढलेली म्हणजे टाकलेली. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्ही होतात की."

मावशी म्हणाली, "पण त्यांच्यावर शिक्का नव्हता. शिक्का तरी बघायचा."

"बाई, राग मानू नका. तुमचा शिक्का तसाही उमटत नाही."

कोपऱ्यातला एक गाल सुजलेला माणूस हसला आणि लगेच गाल धरून कण्हला.

"कुठं गेला टेंपो?"

"गोदामात. कागदाच्या. तिथून लगद्याच्या कारखान्यात जातो माल. आणि बाई, तुमची गाडी मी सगळ्यात शेवटी चढवली होती, म्हणजे उतरवताना पहिली निघाली असणार. तळाला असतील बघा."

मावशी पदर खोचून दाराकडे निघाली. मी म्हटलं, "काकांचं काय?" तिनं काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, "आतल्या पेशंटना म्हणावं, बायको विहिरी काढायला गेली." ती मुलगी तसंच लिहून घेत होती, ते मी जाताना बघितलं.

गोदाम गावाबाहेर, पत्र्याच्या छपराखाली. विहीर आमच्या आधी पोचली होती, दारात उभी, चेहरा पांढरा. मावशीला बघून तिला रडू आलं, आणि मावशीनं तिच्या पाठीवर एक धपाटा घातला. "रडतेस काय. आधी बघू. नसतील तर दोघी मिळून रडू."

आत कागदाच्या बांधलेल्या गासड्या छपरापर्यंत रचलेल्या, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. वाटेच्या शेवटी सकाळच्या पुस्तकांचा ढीग, माणसाच्या डोक्याच्या वर. त्याच्या पायथ्याशी दोन बायका बसून पुस्तकं फोडत होत्या. लगद्याच्या यंत्राला कागद चालतो, पण पुठ्ठा, कापड, सरस, दोरा चालत नाही. त्यामुळे प्रत्येक पुस्तकाची आधी बांधणी उतरवावी लागते. कागद एकीकडे, पुठ्ठे एकीकडे, कापड तिसरीकडे.

गोदामवाल्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "घेऊन जा की. माझं काय जातंय. पण ढीग हलवायचा म्हणाल तर हलवणार कुठं? जागा बघा."

जागा खरंच नव्हती. एक पुस्तक इकडचं तिकडं ठेवायलाही नव्हती.

"मग तळाला जायचं कसं?"

"आम्ही जातो तसं," खाली बसलेल्या दोघींतली थोरली म्हणाली. तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. "वरून फोडत. फोडलं की बसतं, आणि बसलं की तळ दिसतो."

"किती वेळ लागेल?"

"तुम्ही उभ्या राहून बघत बसलात तर संध्याकाळ. बसलात तर लवकर."

मावशीनं ढिगाकडे बघितलं. एकेक पाठ ओळखीची. प्रत्येकावर तिनं शिक्का मारलेला. मला वाटलं, आता ही ‘थांबा’ म्हणणार. ती म्हणाली नाही. खाली बसली.

"कसं धरायचं?"

"मधे उघडा. आता उलटं वाकवा. अजून. पाठ मोडल्याचा आवाज यायला पाहिजे. तो आला की एका पुठ्ठ्यावर पाय आणि ओढा."

मावशीनं ओढलं. पुस्तक फुटलं नाही, मावशी मागे पडली. दोघी बायका हसल्या. विहीरही हसली, डोळे पुसता पुसता. दुसऱ्यांदा ओढलं आणि ‘टर्र’ असा लांबलचक आवाज झाला. मावशीनं डोळे घट्ट मिटले होते.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. कागद इकडं द्या."

मग आम्ही तिघीही बसलो. पहिली काही पुस्तकं मावशी नाव वाचून फोडत होती. एका पुस्तकावर तिचा हात थांबला.

"काय झालं?" थोरलीनं विचारलं.

"हे चांगलं होतं."

"मग पाठवलं कुणी?"

"मीच."

"मग?"

"मग काही नाही." तिनं पाठ मोडली.

धाकटी म्हणाली, "ताई, एक विचारू? ह्या सगळ्या पुस्तकांवर ‘बा’ लिहिलंय. आम्ही म्हटलं, कुणीतरी आपल्या बापाच्या नावानं दिलेली असणार."

विहिरीनं मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. मावशी म्हणाली, "शाई कमी होती."

ढीग बसत होता. मध्येच सारख्याच पाठीची जाडजूड रांग निघाली. अर्थशास्त्र. आमच्या प्राध्यापकांचं.

"बाई, ह्यांची बांधणी फार मजबूत आहे," थोरली कुरकुरली. "ही आम्ही शेवटाला ठेवतो. बोटं जातात."

"द्या इकडं," मावशी म्हणाली. आणि अशी ओढायला लागली की समोर बघत राहावं. नाव वाचायचं कारणच नव्हतं, एकच नाव होतं. एक, दुसरं, तिसरं. कपाळावर घाम, केसांत कागदाचे तुकडे, पुठ्ठ्यावर पाय. पुस्तक फुटलं की ती "हं" म्हणायची आणि पुढचं घ्यायची. रांग संपली तेव्हा पुढच्या पुस्तकाचं नाव तिनं वाचलं नाही. त्याच्या पुढच्याचंही नाही. मी मुद्दाम बघत होते. आता ती पाठीकडे बघत होती ती फक्त बांधणी कशी आहे एवढंच बघायला.

आणि बोलायला लागली. थोरलीला विचारलं, घरी कोण असतं. थोरली म्हणाली, नवरा असतो, घरात काही टाकू देत नाही, मोडका पंखासुद्धा उशाशी घेऊन झोपतो. मावशी म्हणाली, विचारायचं कशाला? तो आंघोळीला गेला की उचलायचा. थोरलीला हे फारच पटलं. धाकटी म्हणाली, माझी सासू उलटी, सगळंच टाकते. मग तिघींनी मिळून नवरे आणि सासवा सोलायला घेतल्या, आणि हात पुस्तकांवर चालूच.

"बाई, मातकट," विहीर एकदम म्हणाली.

ढिगाच्या तळाशी मातकट कापडाची एक कड दिसत होती. विहिरीनं दोन्ही हात घातले आणि उपसायला लागली. एक खंड. दुसरा. तिसऱ्याचा पुठ्ठा अर्धा निघालेला, पानं धड. ती प्रत्येकाचं साल मोठ्यानं वाचत होती आणि मांडीवर रचत होती. मावशी हात थांबवून बघत होती, ओठ हलत होते.

"एक कमी आहे," विहीर म्हणाली.

"कुठलं?"

"दुष्काळाचं. सगळ्यात खोल गेलं ते साल. तेही उतरवायचं राहिलंय माझं." तिनं परत मोजलं. परत कमी.

तळ दिसत होता. फरशी दिसत होती. बाजूला थोडी पातळ पुस्तकं उरली होती, त्यात काही मातकट नव्हतं. मावशीनं फोडलेल्या कापडांच्या ढिगात हात घातला आणि एकेक तुकडा उलटून बघायला लागली. तिचा चेहरा मी सबंध त्या महिन्यात असा बघितला नव्हता. थोरलीकडे वळून तिनं विचारलं, "सकाळी, आम्ही यायच्या आधी, असलं कापड फोडलंत का तुम्ही?"

"नाही हो. जाड बांधणीला मी सकाळी हातच लावत नाही. सकाळी बोटं आखडलेली असतात."

"पण आणलं तर होतं इथं."

"असलं जाड एकच बघितलं मी, टेंपोतनं पहिलं निघालं ते," थोरली म्हणाली आणि विचार करायला लागली. मग तिचा चेहरा बदलला. तिनं हळूच स्वतःच्या खाली बघितलं.

आम्हीही बघितलं.

"बसायला उंच बरं पडतं," ती म्हणाली. "गुडघे धरतात."

"उठा जरा," मावशी म्हणाली.

ती उठली. खाली पोतं होतं आणि पोत्याखाली दुष्काळाचं साल, जसंच्या तसं, वर थोडं कोमट. विहिरीनं ते उघडलं, दोन्ही हातांनी दाबलं, मान वाकडी केली आणि वाचायला लागली. तिथंच, फरशीवर. पहिला आकडा वाचला, दुसरा वाचला. मग तिनं पुस्तक मिटलं, छातीशी धरलं आणि मावशीच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मावशीनं असा श्वास सोडला की शेजारचे सुटे कागद उडाले.

गोदामवाला चहा घेऊन आला. मावशीनं दोन कप घेतले, दोन्ही स्वतःसाठी. म्हणाली, सकाळपासून पोटात काही नाही, आणि आता एकदम कळलं.

विहिरीनं खंड पिशवीत भरले. मग तिचं लक्ष उरलेल्या पातळ पुस्तकांकडे गेलं आणि तिनं मावशीला हळूच विचारलं, "बाई, अजून काही न्यायचंय का? तुम्हाला वाटत असेल तर. माझ्या पिशवीत जागा आहे."

मावशीनं त्या पुस्तकांकडे बघितलं. बराच वेळ नाही, भाजीवाल्याच्या टोपलीकडे बघावं तेवढाच.

"नको," ती म्हणाली. "तुझी मिळाली ना. बास."

फोन वाजला. काका होते. तोंडात कापूस असल्यामुळे नुसतं "ओं, ओं ओं" ऐकू येत होतं. मावशीला सगळं कळत होतं.

"मिळाली. हो, सगळी. नाही, कुणी बसलं होतं त्याच्यावर. मग सांगते. रक्त थांबलं का? मग रिक्षा करा आणि जा घरी. मला थोडं आहे अजून."

मला कळेना, काय आहे अजून. विहीर पिशवी खांद्याला लावून उभी होती. मी स्कूटरची किल्ली काढली होती. मावशी परत खाली बसली.

"ताई, तुमचं काम झालं की," धाकटी म्हणाली.

"तुमचं कुठं झालंय? ढीग आम्ही विस्कटला. आता हात लागलाच आहे तर संपवून जाते. किती राहिलंय ते."

थोरली उभीच होती, बसायला काही नव्हतं. मावशीनं ढिगात हात फिरवून एक जाडसर पुस्तक ओढलं, आडवं धरून दुष्काळाच्या सालाइतकं उंच होतं का ते डोळ्यानं मोजलं, तेवढं भरेना म्हणून त्यावर आणखी एक ठेवलं आणि पोतं घातलं.

"बघा, गुडघे धरतात का."

थोरली बसली. जरा इकडं, जरा तिकडं सरकून बघितलं.

"चालतंय," ती म्हणाली. "हं, त्या पंख्याचं काय म्हणत होतात? तो आंघोळ फार लवकर आटपतो."

"मग आधी न्हाणीघराला बाहेरून कडी घालायची," मावशी म्हणाली आणि पुढच्या पुस्तकाची पाठ मोडली.